उजवीकडचा भागाकार

माझ्या सासऱ्यांनी उभा जन्म नागपुरात गणित शिकवलं. निवृत्त होऊन ते आमच्याकडे महादेवपुऱ्यात राहायला आले आणि एकदम रिकामे झाले. कन्नड येत नाही, आणि सोसायटीतले बाकीचे आजोबा बागेत असे भराभर चालतात की त्यांच्याशी गप्पा मारायला धावावं लागेल. उरली सहावीतली नात. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिची शिकवणी, एवढंच त्यांचं या शहरातलं काम. त्यासाठी ते दुपारीच दाढी करून तयार बसत.

अपूर्णांकाचं दशांशात रूपांतर निघालं तेव्हा तर त्यांची कळी खुलली. पद्धत अर्थात आमच्या मराठी शाळेतली: डावीकडे कंसाबाहेर भाजक, मध्ये भाज्य, आणि भागाकार उजवीकडच्या कंसाबाहेर. मीही तशीच शिकले. भागाकार दुसरीकडे कुठे लिहितात हे मला ठाऊकच नव्हतं. लेकीच्या शाळेत मात्र तो भाज्याच्या डोक्यावर लिहितात, अंकावर अंक, नीट रांगेत. तिने आजोबांची पद्धत उचलली आणि चाचणीत दणकून आपटली.

एक छेद सोळाचं उत्तर तिने लिहिलं होतं ०.६२५. एकावर शून्य घेतलं, दहाला सोळाने भाग जाईना, म्हणून आणखी एक शून्य घेतलं. पण भाग गेला नाही म्हणून भागाकारात शून्य द्यायचं, ते राहून गेलं. उत्तर बाजूला लिहिलं की सुटलेली जागा डोळ्यांना दिसतच नाही. खरं उत्तर ०.०६२५. बहुतेक गणितांत हीच चूक, आणि खाली बाईंचा शेरा: वर्गात शिकवलेलीच पद्धत वापरावी.

शेरा वाचून माझं डोकं फिरलं. मी बाईंच्या नावाने बोटं मोडत होते, तेवढ्यात लेक रडत ओरडली, "मला आजोबांकडून शिकायचंच नाही!"

आजोबा दारातच उभे होते. "बरं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली नाही. संध्याकाळी पेपर घेऊन बाल्कनीत बसले, तोही सकाळीच वाचून झालेला. मला इतकं वाईट वाटलं की पोळी करपली.

तिसऱ्या दिवशी ते स्वतःच कोरा कागद घेऊन नातीसमोर बसले. "बेटा, तुमची पद्धत मला शिकव. या वयात डोक्यात काही शिरतं का बघू."

तिने तीन छेद चाळीस दिलं. आजोबांनी लिहिलं ०.७५.

"अय्यो आजोबा! तीसला चाळीसने भाग जातो का? नाही ना? मग वर शून्य द्या, आणि मग पुढचं शून्य घ्या. स्वल्प सावकाश!" 'जरा' म्हणायचं तिथे तिच्या तोंडी हल्ली कन्नड 'स्वल्प' येतं.

आजोबांनी मान डोलावली. पुढच्या गणितात पुन्हा चुकले. त्याच्या पुढच्यातही. पोरीने कपाळावर हात मारला आणि सगळं पहिल्यापासून इतकं स्वच्छ समजावलं की मी पोळी लाटायची थांबले.

ती खेळायला खाली गेल्यावर मी चहा देत म्हटलं, "बाबा, मुद्दाम चुकलात ना?"

"पहिल्यांदा मुद्दाम," ते म्हणाले. "नंतरच्या दोन्ही वेळा खरंच चुकलो गं, हात आपोआप उजवीकडे जातो." मग बशीत चहा ओतत हसले. "उद्या पुन्हा बसा म्हणाली आहे मला."