जित्या बाईची आंघोळ

दिंद्रुडची नसीमआपा दोन कामं करते. ब्लाऊज शिवते, आणि मुसलमान घरातली बाई वारली की तिला शेवटची आंघोळ घालते. पहिल्या कामासाठी बायका तिच्याकडे येतात, दुसऱ्यासाठी तिला जावं लागतं. दोन्हींत घाई करू नये, असं तिचं मत आहे.

मोहनरावांच्या पत्नी केसरबाई, त्यांचे ब्लाऊज ती तीस वर्षं शिवत होती. गेल्या वर्षात तिनं त्यांचं माप तीनदा कमी केलं. चौथ्यांदा केसरबाई म्हणाल्या, "आता ऱ्हाऊ दे." पोटात गाठ होती. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं.

केसरबाई भीत होत्या. दुखण्याला नाही, त्याला गोळ्या होत्या; भीत होत्या त्या मरणाला. मोहनराव गावचे पुढारी. प्रत्येक मयतीला ते श्रद्धांजलीचं भाषण करत. बायकोच्या खोलीत मात्र त्यांना थंडी किती पडलीय याच्यापलीकडे काही सुचत नसे. मुलगा अंगद दहा दिवसांचं मौनाचं शिबिर करून आला होता. त्यानं आईच्या उशाशी मोबाईल ठेवला. त्यातला माणूस संथपणे सांगे, विचार येऊ द्या, विचार जाऊ द्या, श्वासाकडे बघा.

"येऊ द्या म्हणतो, लगेच जाऊ द्या म्हणतो," केसरबाई म्हणाल्या. "एक काय ते ठरव म्हणावं. आन श्वासाकडं बघितलं की वाटतंय, ह्योच थांबनार हाय."

एका दुपारी त्यांनी नसीमला बोलावलं आणि दार लावायला सांगितलं.

"नसीम, तू लई बाया बघितल्यास. मेलेलं माणूस कसं असतं गं?"

नसीमनं विचार केला. "जड असतं, बाई."

"आन?"

"ऐकत न्हाई. हात सरळ केला की परत वाकतो. पण घाबरलेलं दिसत न्हाई. घाबरलेली समदी बाहीर बसलेली असतात."

केसरबाईंनी तिचं मनगट धरलं. मग म्हणाल्या, "मला घाल."

"काय?"

"आंघोळ. तसलीच. मला कळतंय तवर."

"जित्या बाईला न्हाई घालत."

"कावून?"

नसीमनं बाह्या वर सारल्या. "साधी घालते," ती म्हणाली. "माझ्या हातानं. तेवढंच."

केसरबाईंची सून सायली हिनं पाणी तापवलं. नसीमनं कोपर बुडवून बघितलं आणि त्यात दोन तांबे गार पाणी घातलं. न्हाणीत खुर्ची ठेवून केसरबाईंना बसवलं, अंगावर चादर पांघरली आणि चादरीखालून हात घालून धुवायला लागली. हे काम ती नेहमी न बोलता करी. समोरून कुणी काही विचारत नसे. पण केसरबाई विचारत होत्या, "आता काय?" म्हणून ती सांगू लागली.

"हा उजवा हात."

"हाय."

"हा खांदा."

"हाय."

डाव्या पायाशी केसरबाई म्हणाल्या, "त्यो दुखतोय. पण हाय."

सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "आन मी कुठं हाय गं ह्याच्यात?"

नसीमनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "समदं धुतलं, बाई. येगळं काय सापडलं न्हाई."

केसरबाई हसल्या. इतक्या, की खोकला लागला आणि सायली धावत आली.

त्यानंतर तीन आठवडे नसीम एक दिवसाआड जात होती. मोबाईल बंद झाला. अंगदनं विचारलं, "चाची, तुमी ध्यान कुठं शिकलात?"

"मी पाणी टाकते, बाबा," नसीम म्हणाली.

मोहनराव त्या वेळी न्हाणीच्या भिंतीला खुर्ची लावून बसत. आत बायको 'हाय' म्हणे. एकदा त्यांनी स्वतःचा हात उचलून दोन्ही बाजूंनी बघितला आणि परत मांडीवर ठेवला. हे सायलीनं पाहिलं.

पौषात एका सकाळी केसरबाई गेल्या. सायली जवळ होती. तिनं नंतर सांगितलं, आत्याबाई म्हणाल्या, "पाय गेले गं." तक्रार नव्हती, माहिती होती. मग थोड्या वेळानं, "हात बी." पुढचं काही त्यांनी सांगितलं नाही.

आंघोळ घरच्या बायकांनी घातली. नसीम अंगणात इतरांबरोबर बसली होती. आतून पाण्याचा आवाज येत होता. पाणी भराभर ओतलं जात होतं. तिला उठावंसं वाटलं. ती उठली नाही.

पुढच्याच महिन्यात गल्लीतल्या एका म्हातारीसाठी तिला बोलावणं आलं. तिनं तांब्या उचलला, पण हात म्हातारीच्या खांद्याशी अडला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आजवर बायका तिच्यापुढे येत त्या सगळं आटोपून आलेल्या. केसरबाईंच्या वेळी खांद्याखाली हललेला श्वास तिच्या हाताला लागला होता, आणि आता या खांद्याशीही हात तो शोधत होता. तिला भीती वाटली. मदतीला आलेली अलिना, तिची भाची, बघत होती.

नसीमनं तांब्या खाली ठेवला, परत उचलला आणि मोठ्यानं म्हणाली, "हा उजवा हात." मग, "हा खांदा." उत्तर आलं नाही. पण हात चालू लागला.

अलिनाला वाटलं, असंच म्हणायचं असतं. पुढच्या वेळी तीही म्हणाली. हळूहळू मदतीला येणाऱ्या साऱ्या बायका म्हणू लागल्या.

गोष्ट मौलानांपर्यंत गेली. त्यांनी नसीमला बोलावून विचारलं, हे कुणी शिकवलं?

"मोहनरावांच्या मालकिणीनं," नसीम म्हणाली.

"यात मनाई करण्यासारखं काही नाही," मौलाना दाढीवरून हात फिरवत म्हणाले. मग त्यांनी चहा मागवला.