धर्माने मला नाव विचारलं

धर्माबद्दल लिहायचं मी आजवर टाळत आलो. कुणी विचारलं तर म्हणायचो, दारू सोडणाऱ्यांच्या सभेत ऐकलेलं बाहेर सांगायचं नसतं. नियम खरा आहे, पण मी त्याच्या आड लपत होतो.

धर्मा आमच्या कर्जतच्या शाळेचा शिपाई. कडावच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी त्याची ठाकर आदिवासींची वाडी. मी मुख्याध्यापक. ऑफिसच्या कपाटात, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे माझी बाटली असायची. धर्मा ते कपाट रोज पुसायचा. एकदा संस्थेची माणसं तपासणीला आली आणि बाटली सापडली. "ही कोणाची?" मी फक्त धर्माकडे पाहिलं. तो संध्याकाळी वाडीवर पितो हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे माझ्या त्या एका नजरेने काम झालं. "माजी नाय," एवढंच तो म्हणाला. माझ्याकडे त्याने बोट दाखवलं नाही. आठवड्याच्या आत त्याला कामावरून काढलं. त्यानंतर तो शेताच्या बांधावर पडलेला असतो, असं कानावर यायचं. मी विषय बदलायचो.

निवृत्तीनंतर माझं पिणं सकाळवर आलं. बायको मुलीकडे निघून गेली. "तुमची दारू सुटली की मी येईन," एवढंच म्हणाली. डॉक्टरांनी त्या सभेचा पत्ता दिला. कर्जतला गुरुवारी, खालापूरला रविवारी. कर्जतमध्ये माझे निम्मे विद्यार्थी दुकानं लावून बसलेले. मी खालापूर निवडलं. खोपोलीपर्यंत गाडी, पुढे रिक्षा, डोक्यावर टोपी.

सभा प्राथमिक शाळेच्या वर्गात होती. दारातच थबकलो. आत सहा-सात ओळखीचे चेहरे, सगळे कर्जतचे! आमचा औषधवाला तर मला पाहून फळ्याकडे तोंड करून उभा राहिला. आणि सतरंजी अंथरत होता धर्मा. केस पांढरे, शर्ट इस्त्रीचा.

"घाबरू नका," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "कर्जतवाले लपाया खालापूरला येतात, खालापूरवाले कर्जतला जातात. वाटंत गाठ पडली की दोगं बी म्हन्तात, लग्नाला चाललोय!"

वर्ग हसला. औषधवालाही वळला. मग धर्मा माझ्यासमोर आला. त्याने मला ओळखलं होतं, त्यात शंका नाही. आता हा काय बोलेल?

"नाव काय तुमचं?" त्याने विचारलं. "नुस्तं नाव. हितं आडनाव नाय, हुद्दा नाय."

"अनंत."

"या अनंता, बसा."

त्या घटकेला वाटलं, हा माणूस माझ्यापेक्षा खूप उंच आहे. आजही तसंच वाटतं.

नव्या माणसाला तो जन्मभराची शपथ कधी घालायचा नाही. "जल्माचं कोन बोलतंय? पाचपर्यंत पिनार नाय, येवडं बोला. पाचला मी फोन करतो." आणि करायचा. "अनंता, वाजलं पाच. शब्दावर हाय ना?" हाय म्हटलं की म्हणायचा, "मंग आता जेवनापर्यंत बगू." असं करत माझी अडीच वर्षं गेली. बायको परत आली. तो स्वतः अकरा वर्षं दारूला शिवला नव्हता. सभेत त्याने आपली सगळी घाण सांगितली. बायकोला मारलं ते, भाताचं बियाणं विकून प्यायला ते. नोकरी का गेली, हे मात्र कधी सांगितलं नाही. मी समोर बसलेला असायचो ना.

आपण ज्यांना दुखावलं त्यांची यादी करून त्यांची माफी मागायची, असं सभेतलं एक काम असतं. एका सकाळी धर्मा माझ्या दारात आला. चपला काढून उभा राहिला. इथे मात्र मी पुन्हा सर झालो होतो.

"सर, काम सुटल्यावर मी तुमाला लय शिव्या घातल्या. डोंगरावर बसून घातल्या, तुमच्या पोरीलाबी घातल्या. माफी करा."

माफी तो मागत होता! माझ्या तोंडून काय निघालं? "बस रे, चहा घे." त्याने सावकाश चहा घेतला. थोडा वेळ बसून राहिला. मग कप नळाखाली धुऊन ओट्यावर पालथा घातला आणि गेला. तो कशासाठी थांबला होता, ते मला कळत होतं.

गेल्या पावसाळ्यात दोन दिवसांच्या तापाने तो गेला. रविवारी त्याच वर्गात आम्ही त्याच्याबद्दल बोललो. मी पाचच्या फोनचं सांगितलं. त्या दिवशी त्याची बायको, येसू, मुद्दाम आली होती; सभा सुटल्यावर ती माझ्यापाशी आली.

"सर, येक इचारू? शाळेतली ती बाटली त्यांची व्हती का? वाडीत अजून म्हन्तात. मी इचारलं तर ते गप बसायचे."

"नाही," मी म्हणालो. "माझी होती."

तिने बाकाच्या कडेवरून हात फिरवला. "मंग तसं लिवा," ती म्हणाली. "त्यांच्या नावासकट लिवा. चारचौगांनी वाचू दे." आणि जाता जाता वळली. "त्यांना बोलला व्हता का कदी?"

मी नकारार्थी मान हलवली. धर्मा, चूक माझी होती, मला माफ कर. एवढंच तर म्हणायचं होतं. अडीच वर्षं दर रविवारी ते घेऊन खालापूरला जात होतो आणि तसंच घरी परत आणत होतो.