शेवटच्या फलाटापर्यंत

पूल मागे पडला आणि चढ सुरू झाला, तशी वहिनीने सवयीने पावलं आवरती घेतली. दवाखान्यातून घरी परतताना या चढाच्या मध्यावर, बंद गोदामाच्या पायरीवर बसायचं, हे दोघींचं ठरलेलंच असे. पण आज नणंद थांबायला तयार नव्हती.

"बसायचं नाही?"

"तुला दम लागला असेल तर बस. मी उभी राहते."

वहिनीला हसू आलं. चार-पाच महिन्यांपूर्वी याच पायरीवर ही पोर भर उन्हात शाल पांघरून बसली होती. "वहिनी, मला इथंच सोडून जा," असं म्हणालीही होती.

घरात तिला भोंगा म्हणत. लहानपणी ती गच्चीतून आईला हाक मारी, तेव्हा गल्लीतल्या सगळ्याच आया दारात येत. म्हणून थोरल्या भावाने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने, हे नाव ठेवलं होतं. पुढे त्याच आवाजावर तिला बसस्थानकात नोकरी लागली. काचेच्या खोलीत माईकसमोर बसायचं आणि कुठली बस कुठल्या फलाटावर लागली ते पुकारायचं. शेवटच्या फलाटावरचा कर्णा जन्माचा खरखऱ्या. तिथवर शब्द पोचवायचा तर तो नीट तोडून, जोर लावून फेकावा लागे. ड्रायव्हर म्हणत, ही बोलली की पेंगणारा प्रवासीसुद्धा झोपेतच चपला घालतो.

तो आवाज हळूहळू बसत गेला. आधी सर्दी वाटली. मग पंखा लावला की तिला हुडहुडी भरू लागली. केसांनी फणी भरायची, टाचा भेगाळल्या, पाळी आली की आठ-आठ दिवस हटायची नाही, आणि सकाळी उठवायला गेलं तर अंगात शिसं ओतल्यासारखी पडून राहायची. जेवण निम्म्यावर आलं, तरी अंग फुगतच चाललं.

"खाते चिमणीएवढं नि फुगते म्हशीएवढी," आई म्हणायची. "नुसता आळस. कामाला जुंप, आपोआप उतरेल."

स्थानकावरचे साहेब बोलायला गोड. "तू पार्सलच्या खोलीत बस. तिथं बोलावंच लागत नाही."

त्या दिवशी भोंगा घरी आली ती रागाने तापलेलीच. साहेबांना काय म्हणाली, ते वहिनीला सांगताना तिचा घोगरा आवाज चिरकत होता. "म्हटलं, साहेब, थंडीत इंजिन सुरू झालं नाही तर तुम्ही मेकॅनिक बोलावता. बसला आळशी म्हणत नाही. मलाही मेकॅनिककडे जाऊ द्या." साहेबांनी दोन महिने थांबायचं कबूल केलं.

मेकॅनिक म्हणजे डॉक्टरीणबाई. त्यांनी गळा चाचपला, रक्त तपासलं. थायरॉईडचं काम मंदावलंय, म्हणाल्या. गळ्यातली ती एवढीशी ग्रंथी सगळ्या अंगाला वेग देते. तीच कमी पडली की ऊब, ताकद, पाळी, आवाज, सगळंच रेंगाळतं. जे कमी पडतंय ते रोज गोळीतून द्यायचं. बहुधा कायमचं.

कायमचं म्हटल्यावर आईने कपाळाला हात लावला. "गोळीची सवय लागेल. उद्या स्थळ आलं तर काय सांगायचं?"

"चष्म्याची सवय लागली म्हणून तू कधी रडलीस का?" भोंगा म्हणाली. "आणि स्थळाला मीच सांगेन. माईकवरून."

गोळी सुरू झाली. वहिनीने देवापुढे हात जोडले आणि काळजी स्वतःकडे घेतली. भोंग्याची ड्यूटी पहाटेची. रिकाम्या पोटी गोळी, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. पण पुकारणाऱ्यांचीही एक रीत असते: कोरड्या घशाने माईकसमोर बसायचं नाही. म्हणून वहिनी पहाटे उठून पेलाभर कोमट दूध करी. त्याच घोटाबरोबर ही गोळी आणि रक्त वाढावं म्हणून दिलेली लोहाची गोळीही पोटात जाई. दूध म्हणजे काही जेवण नव्हे, असं दोघींनाही वाटे.

दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा जवळजवळ जिथल्या तिथे. आईला तेवढंच हवं होतं. "बघा, मी म्हणत नव्हते?"

डॉक्टरीणबाई मात्र मात्रा वाढवायला निघाल्या आणि थांबल्या. "गोळी कशाबरोबर घेतेस?"

दुधाचं ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दूध आणि लोह त्या गोळीला अंगात नीट शिरूच देत नाहीत, म्हणाल्या. उठल्याबरोबर नुसत्या पाण्याने घ्यायची. चहा-दूध निदान अर्ध्या तासाने, तासाने घेतलं तर अधिक चांगलं. लोहाची गोळी चार तासांनंतर. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही, आणि पुढे कधी दिवस राहिले तर लगेच येऊन भेटायचं, तेव्हा मात्रा बदलावी लागते.

वहिनी खुर्चीत खिळून बसली. एवढे दिवस आपणच पेला भरून हिचं औषध वाया घालवत होतो. वाटेत ती पुन्हा पुन्हा स्वतःलाच बोल लावत राहिली. तेव्हा भोंगाच म्हणाली, "चल, चेटूक नव्हतं, दूधच होतं ना? मग सुटलं."

साहेबांकडून तिने आणखी दोन महिने मागून घेतले. "त्यानंतर माझा आवाज शेवटच्या फलाटावर पोचला नाही, तर मी स्वतः पार्सलच्या खोलीत जाऊन बसेन." रोज पहाटे नुसतं पाणी, आणि दूध स्थानकावर, बाटलीतून. पंधरवड्यात काही बदलल्यासारखं वाटेना, पण ती मागे हटली नाही. मग एकदा सकाळी शाल खुंटीवरच राहिली. मग आईला ओरडून उत्तर देता येऊ लागलं. आज नवा अहवाल हाती आला होता. आकडा जागेवर आला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, गोळी अशीच चालू दे.

चढ संपला. खाली स्थानकाचं पत्र्याचं छप्पर दिसलं. भोंगा तिथे पहिल्यांदा थांबली. धाप मात्र लागली नव्हती.

"वहिनी, एक काम करशील? उद्या साहेब शेवटच्या फलाटावर उभे राहून ऐकणार आहेत. तू त्यांच्या शेजारी उभी राहा."

"मी कशाला? ते सांगतीलच की."

"त्यांची मान कशालाही हलते. मला तुझं हवंय. काचेतून तू मला दिसतेस. शब्द न् शब्द कळला तर हात वर कर."

"आणि नाही कळला तर?"

भोंगा खालच्या छपराकडेच बघत होती. "तर हात खालीच ठेव. तेवढं मात्र त्या दुधासारखं करू नकोस, मायेपोटी."