वाटी दिसली का?

‘बाई, वाटी आना.’

फाटकातून आत आला की त्याचं पहिलं बोलणं हे. रामराम नाही, काही नाही. मी स्वयंपाकघरातून स्टीलची वाटी आणून द्यायची. तो ती आमच्या स्विमिंग पूलच्या खोल टोकाला पाण्यात सोडायचा आणि काठावर उभा राहून मलाच विचारायचा, ‘दिसली का?’ तळाशी गेलेली वाटी दिसली तर पूल सुरू. नाही दिसली तर कोणी उतरायचं नाही, घरमालकानंसुद्धा नाही. मग लांब दांड्याच्या जाळीनं वाटी वर काढून माझ्या हातात द्यायचा. ‘धुवून घ्या चांगली. औषध असते पान्यात.’

जठारपेठेतल्या आमच्या घरामागे पूल आहे हे सांगतानाही मला राग येतो. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. नळाच्या दिवशी गल्लीतल्या बायका कामाला दांडी मारतात. अशा गावात माझ्या मुलानं, अभयनं, परसातली लिंबाची दोन झाडं तोडून पाच फूट खोल हौद खणला आणि टँकर आणून भरला. मी उभा जन्म शाळेत शिकवण्यात घातला, पण स्वतःच्या घरात मला काही शिकवता आलं नाही.

त्या हौदाची निगा राखायला हा माणूस आठवड्यातून दोनदा यायचा. साठीच्या आसपासचा, वाळका, पॅन्ट ढोपरापर्यंत दुमडलेली, आणि सतत चिडलेला. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्या कपाळावरची आठी जन्मासोबतच आली आहे असं वाटतं. मला तो पहिल्याच दिवशी आवडला, कारण घरात चिडणारी आता मी एकटी नव्हते.

अकोल्याच्या उन्हात पाणी दोन दिवसांत हिरवं होतं. त्यात अभय बिल वाचवायला दुपारी फिल्टरची मोटर बंद ठेवायचा. भिंतीवरचं शेवाळ पाहिलं की हा तिथूनच ओरडायचा, ‘मोटार कोनं बंद केली? डबकं पाह्यजे असन तर तसं सांगा, बेडकं बी आनून देतो.’ आणि मग मुकाट्यानं ब्रश घेऊन बसायचा. भिंती, कोपरे, शिडीच्या पायऱ्यांची खालची बाजू, जिथं कोणी पाहत नाही तीसुद्धा. ऊन उतरल्यावर क्लोरीन टाकायचा. पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवून मोटर बंद, आणि दुसऱ्या सकाळी तळाशी बसलेला गाळ पाइपनं ओढायचा. तो पाइप तो इतका हळू फिरवायचा, की जणू झोपलेल्या लेकराच्या अंगावरून गोधडी काढतोय.

अभय एकदा म्हणाला, ‘काका, एवढी मेहनत कशाला? सगळं पाणी सोडून देऊ, नवीन भरू.’

‘काहून? पानी मेलं नाई, बिमार हाय फक्त,’ तो म्हणाला. ‘भाईर लोकं गुंड-बादल्या घेऊन उभे हायेत, अन् तुमी नालीत सोडता?’

वाटीचं काय प्रकरण आहे, हे मी एकदा चहा देताना विचारलं. तो बराच वेळ बशीत फुंकत राहिला.

‘आंधी अमरावतीले एका पोहाच्या तलावावर व्हतो मी. काठावर बसाचं, पोट्ट्यायवर नजर ठेवाची. एक दिवस पानी गढूळ झालं. मी मालकाले म्हनलं, आज बंद ठेवा. तो म्हने, आज रविवार हाय.’ त्यानं बशी खाली ठेवली. ‘मायबाप कपडे बदलाच्या खोलीत शोधून राह्यले व्हते लेकराले. अन् थे माह्या पायाखाली व्हतं, चार फुटावर. मले दिसलं नाई, बाई.’

एवढं बोलून तो उठला आणि फिल्टरच्या झाकणाला शिव्या द्यायला लागला. मी बशी उचलून आत गेले. त्यानंतर वाटी मागायची पाळी मी त्याच्यावर येऊ दिली नाही, तो यायच्या दिवशी ती काठावर ठेवलेलीच असायची.

मे महिन्यात माझ्या नातीचा, मनूचा, आठवा वाढदिवस आला. वर्गातली सगळी पोरं पोहायला बोलावली होती. आदल्या दिवशी वरूडहून आमचे व्याही आले. त्यांचा संत्र्याचा मोठा बगिचा. हिरवं पाणी पाहून ते अभयला म्हणाले, ‘जवाईबापू, हे काय घेऊन बसले? आमी झाडाले मारतो थेच मारा ना. मोरचूद अन् चुना. बुरशी जाते, तं शेवाळ काहून नाई जाईन?’

अभयचं स्वतःचं कृषी सेवा केंद्र. मोरचूदचं पोतं यायला अर्धा तासही लागला नाही. दोघांनी बादल्यांत कालवून सगळं पुलात ओतलं. सकाळी शेवाळ गेलेलं होतं, आणि पाणी निळंशार, पण दुधासारखं दाट. अभय फोटो काढत सुटला. ‘आई, बघ, हॉटेलसारखं झालं की नाही?’ शिकलेल्या माणसाला मूर्खपणा करायला सोबत लागते ती फक्त एका अनुभवी माणसाची.

दहाच्या सुमारास तो आला. वाकून ओंजळीत पाणी घेतलं, सांडून दिलं. बोटांवर निळसर पीठ राहिलं.

काठावरची वाटी त्यानं स्वतःच उचलून सोडली. वीतभर खाली गेली न गेली आणि नाहीशी झाली.

‘दिसली का?’ या वेळी त्यानं अभयला विचारलं.

‘काका, रंग तर पाहा. चार वाजता मुलं येणार आहेत.’

‘रंग नाई इचारला. वाटी दिसली का?’

‘औषध टाकलंय, म्हणून तसं दिसतं.’

‘तीन दिवस द्या मले. साफ करून देतो. आज कोनी उतरनार नाई.’

अभय हसला. तो माणूस हसला नाही. त्यानं पिशवीतून पाना काढला, शिडीचे नट सोडवले, शिडी खांद्यावर टाकली आणि फाटकाकडे चालायला लागला. अभय धावत जाऊन आडवा आला.

‘घरातली वस्तू उचलून नेता? चोर आहात काय?’

शिडी खाली ठेवताना तिचा आवाजसुद्धा झाला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात फुगा फुगवत उभी होते. चाळीस पोरांचा वर्ग एका नजरेनं गप्प करणारी मी. एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. मी फुग्याचं तोंड बांधलं.

‘लेकरं मोजत राहाजा, बाई,’ एवढं म्हणून तो गेला.

चार वाजता अकरा पोरं पाण्यात उतरली. मी काठावर खुर्ची टाकून बसले आणि डोकी मोजायला लागले. अकरा. अकरा. दहा. पुन्हा मोजली, दहा. मी पाण्यात वाकून पाहिलं. निळं होतं, बाकी काही नव्हतं. हात घातला तर मनगटापुढचा माझाच हात मला दिसेना. तेवढ्यात पलीकडे खोल टोकाला मनूचं डोकं वर आलं. श्वास कोंडून खाली बसायचा खेळ चालला होता. ती हसत होती.

मी ओरडले. सकाळी हवा होता तो आवाज तेव्हा निघाला. सगळी पोरं बाहेर आली, डोळे चोळत, लाल डोळ्यांनी. ‘आई, झालं काय एवढं?’ अभयनं विचारलं. काही झालं नाही ना, हे त्याचं आजही उत्तर आहे.

तो पुन्हा आला नाही, पुलासाठी दुसरा माणूस आला. त्यानं पहिल्याच दिवशी पूल रिकामा केला. त्या दिवशी नळ यायचा होता, आला नाही. आमचं पाणी नालीतून गल्लीभर वाहत गेलं. एका बाईनं बादली लावली, निळा रंग पाहिला आणि आमच्या फाटकाकडे बघत ओतून दिली. तिनं शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

तळाशी वाटी होती. माझ्या लग्नातली, माझं नाव टाकलेली. मनूचं डोकं वर आलं होतं, अगदी तिथं. मी जुन्या माणसाला फोन लावला.

‘भाऊ, वाटी सापडली.’

‘दिसली, का सापडली?’

‘पाणी सोडून दिलं सगळं,’ मी म्हणाले.

‘मंग सापडली,’ तो म्हणाला, आणि फोन ठेवला. माफी मागायला लावला होता फोन, तेवढी जागाच त्यानं ठेवली नाही. नंतर कधी उचलला नाही.

आता वाटी मी सोडते. नवा माणूस हसतो, अभय चिडतो. वाटी दिसली नाही की मी पान्यानं शिडी सोडवते आणि माझ्या खोलीत नेऊन कुलूप लावते. मला अजून कोणी चोर म्हटलेलं नाही.