आमच्या बूथवरची सतरा मतं

निवडणूक हरावी तर ती आमच्या तळमजल्यावरच्या काकांनीच. जिंकणारे मी पुष्कळ पाहिले. गुलाल उधळतात, ढोल बडवतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. पण हरणं अंगाला लावून घ्यावं, त्याला उशापायथ्याशी बसून सांभाळावं, घरातल्या आजारी माणसासारखी त्याची उठबस करावी, हे मी फक्त काकांनाच करताना पाहिलं. तसे ते माझे कुणीच नाहीत. एव्हरशाईन सिटी या नव्या वसाहतीत आम्ही राहायला आलो तेव्हा त्यांचं आणि आमचं सामान एकाच सकाळी उतरलं. हमालांच्या गोंधळात आमचा पाटा त्यांच्या स्वयंपाकघरात गेला आणि त्यांचे देव आमच्याकडे वर आले. ती अदलाबदल करताना ओळख झाली, ती झालीच. माझी मुलं त्यांना काका म्हणत म्हणून मीही म्हणायला लागले, नाहीतर माझ्याहून ते जेमतेम दोन वर्षांनी मोठे. मला ते वहिनी म्हणत. त्यांच्या पक्षाचं नाव मी इथे घेत नाही. घेतलं असतं तर त्यांना फार आवडलं असतं, आणि मग हे लिहिणं राहिलं असतं बाजूला, प्रचारच झाला असता.

काकांनी जन्मभर पोस्टात पत्रांची वर्गवारी केली. त्यामुळे माणसाकडेही ते पत्त्यासारखं बघत. मतदारयादी त्यांना तोंडपाठ. निवडणूक जवळ आली की आम्हाला नावंच उरायची नाहीत. मी दळण घेऊन जिन्यात दिसले की म्हणायचे, "या दोनशे चौदा, साहेब घरी आहेत का, दोनशे तेरा?" सगळ्या इमारतीच्या मतदारचिठ्ठ्या ते स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने लिहीत. अक्षर असं, की चिठ्ठी मत देऊन झाल्यावरही टाकवत नसे. माझ्या धाकट्या सुनेनं एक चिठ्ठी वर्षभर धोब्याच्या वहीत खूण म्हणून ठेवली होती. आणि या चिठ्ठ्या ते सगळ्यांना देत, मत कुणालाही जाणार असलं तरी. काकू चिडायच्या. "अहो, तो विरुद्ध पार्टीचा माणूस, त्याला कशाला जिने चढून नेऊन देताय?" काका म्हणायचे, "टपाल आलं की ते पोचवायचं. आत काय लिहिलंय ते आपण बघायचं नाही."

प्रचार मात्र त्यांना अजिबात जमत नसे. त्या वर्षांत आमच्याकडे इमारती भराभर उभ्या राहत होत्या आणि पाणी मात्र टँकरने यायचं. टँकरचा भोंगा वाजला की आम्ही बायका बादल्या, कळशा, मिळेल ते घेऊन खाली धावायचो, आणि नेमकं तेव्हा काका मधल्या वळणावर जाहीरनामा घेऊन उभे असायचे. "वहिनी, परराष्ट्र धोरणाचा मुद्दा एवढा ऐकून जा." मी म्हणायचे, "काका, आधी पाण्याचं बोला." तर समजुतीच्या सुरात म्हणायचे, "पाणी हा नगरपालिकेचा विषय आहे, वहिनी. आपण आत्ता देशाचं बोलतोय." देशाचं ऐकता ऐकता एकदा टँकरवरचा माझा नंबर गेला. त्या दिवशी आम्ही भांडी शेजारच्या इमारतीतून आणलेल्या अर्ध्या बादलीत घासली. काकांना कळलं तेव्हा त्यांनी आपल्या घरातलं एक पिंप पाणी मला आणून दिलं, आणि पिंप उचलून आणता आणता तो परराष्ट्र धोरणाचा मुद्दा पुरा केला.

दिल्लीतल्या राज्यात तेव्हा त्यांच्या पक्षाचा वाटा होता. आमच्या भागात मात्र पक्ष म्हणजे काकाच. मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर ठरलेल्या अंतरावर विरुद्ध पक्षाचं टेबल मांडव घालून, पंधरा पोरं, वडापावची पाकिटं, थंड पाण्याचे जार. आणि पलीकडे काका, एक घडीची खुर्ची, एक यादी. दुपारी त्यांच्यासाठी वडापाव यायचा तोही पलीकडच्याच मांडवातून. आणून द्यायचा तो आमच्या चौथ्या मजल्यावरचा, त्या पक्षाचा बिल्लेवाला. काका तो खायचे आणि बिल्लेवाल्याला सांगायचे, "तुमच्या यादीत एकशे नव्वदचं नाव दोनदा छापलंय, बघून घ्या."

तर त्या वर्षी काय झालं, की दिल्लीतलं राज्य पडलं. नुसतं आमच्याकडे नाही, देशभर पडलं. काका मोजणीच्या ठिकाणी पक्षाचे प्रतिनिधी म्हणून बसले होते. मतदानाचं यंत्र आमच्याकडे नवीनच आलेलं, त्यामुळे कोणत्या बूथवर कुणाला किती हे तिथल्या तिथे कळलं. काकांनी आपल्या बूथचा आकडा कागदावर टिपून घेतला आणि रिक्षाने घरी आले. दोनशेचा अंदाज होता. पडली होती सतरा.

देशाचं त्यांनी एक वेळ सोसलं. दोन दिवस टीव्हीसमोर बसून "मोजणी अजून चालू आहे" असं म्हणत राहिले. जुन्या पंतप्रधानांचा राजीनामा दाखवत होते तेव्हाही म्हणाले, "डोंगरी भागातले आकडे यायचेत." पण ते सतरा त्यांच्या घशाखाली उतरेनात. दाढी करेनात, चिठ्ठ्यांची शाईची दौत उचलून माळ्यावर ठेवली, आणि दार उघडं टाकून खुर्चीत बसून राहिले. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. उघडं दार, दाढी न केलेला पुरुष आणि आत गप्प बसलेली बायको असं दिसलं की माणूस चपला काढून आत जातो आणि समाचाराला बसतो. तसे सगळे जायला लागले. बायका पदर सावरून बसायच्या. कुणी सरबत नेलं, कुणी खिचडी. दुसऱ्या मजल्यावरच्या टीचरबाई, मूळच्या इथल्याच वटार गावच्या ख्रिस्ती, त्यांनी घरच्या वाडीतली केळी नेली.

पण समाचाराला गेल्यावर बोलायचं काय? माणूस गेलेलं असलं तर "फार चांगले होते हो" म्हणता येतं. पक्षाबद्दल काय म्हणणार? तेव्हा टीचरबाईंनी पहिलं वाक्य काढलं. काकांचा चेहरा बघवेना म्हणून त्या म्हणाल्या, "काका, आमच्या घरातली दोन्ही मतं तुम्हालाच होती हां." काकांनी मान वर केली. तीन दिवसांत पहिल्यांदा. ते पाहून शेजारी बसलेल्या जोशीबाई म्हणाल्या, "आमची चारही." आणि मग ते वाक्यच होऊन बसलं. जो जाई तो तेच म्हणे. चौथ्या मजल्यावरचा बिल्लेवाला आला, मिरवणुकीतला गुलाल कानामागे तसाच, आणि काकांचे दोन्ही हात धरून म्हणाला, "काका, पक्ष पक्षाच्या जागी. मत तुम्हालाच टाकलं." एका बिऱ्हाडाचं तर नावच अजून गावच्या यादीत होतं, इकडे मतच नव्हतं, त्यांनीही सांगितलं. आणि मीही सांगितलं. खोटं बोलायला नको, म्हणजे आता नको, तेव्हा बोलले. "काका," म्हटलं, "दोनशे तेरा आणि दोनशे चौदा, दोन्ही तुमची."

आम्हाला वाटलं, बरं झालं, माणूस जरा सावरला. चौथ्या दिवशी त्यांनी दाढी केली, माळ्यावरून दौत काढली. आम्ही जिन्यात एकमेकींकडे बघून हसलोसुद्धा. पाचव्या दिवशी सकाळी काकू माझ्याकडे वर आल्या. हातात एक फुलस्केप कागद. "वहिनी, हे वाचा आणि मला सांगा मी काय करू."

निळ्या शाईत, सुबक अक्षरात लिहिलं होतं: मा. तहसीलदार साहेब यांस, विषय: मतदान यंत्राने मते गिळल्याबाबत. खाली, सविनय सादर करण्यात येते की, आमच्या बूथवर नोंद सतरा मतांची झाली असून प्रत्यक्षात एकसष्ट मतदारांनी आमच्या पक्षास मत दिल्याचे स्वमुखे सांगितले आहे. सोबत यादी जोडली आहे. यादीत नाव, अनुक्रमांक, मजला, आणि पुढे सहीसाठी रिकामी जागा. बिल्लेवाल्याचं नाव होतं. टीचरबाईंचं होतं. माझं होतं.

"आज संध्याकाळपासून सह्या घ्यायला निघणार म्हणतात," काकू म्हणाल्या. "उद्या कचेरीत. वहिनी, तिथे ते लोक हसतील हो त्यांना. बाहेर काढतील. आणि मला विचाराल तर, मला त्या एकसष्टमधली किती खरी आहेत ते माहीत आहे. मी काय रोज जिन्यात उभी नसते?"

दुपारपर्यंत इमारतीत बातमी पसरली. बिल्लेवाला बायकोच्या माहेरी निघून गेला. जोशीबाईंनी दाराला कडी घालून टीव्हीचा आवाज बंद केला. टीचरबाई माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकल्या. "मी शनिवारी फादरांपुढे कबूलसुद्धा करून आले," म्हणाल्या. "देवानं माफ केलं असेल. पण काकांपुढे मला नाही जमणार, ताई. तुम्हीच जा. तुम्ही वयानं मोठ्या."

गेले. दुसरं काय करणार? सही केली तर सरकारदरबारी खोटं, नाही केली तर काकांच्या तोंडावर खोटं पडायचं. आणि मधल्या मध्ये तो भला माणूस कचेरीत उभा राहून एकसष्ट माणसांची ग्वाही देणार. मी खाली गेले तेव्हा काका बाहेर पडायच्या तयारीत होते, धुतलेला सदरा, खिशाला पेन. मला बघून खूश झाले. "बरं झालं वहिनी, सुरुवात तुमच्यापासूनच करू."

मी बसले नाही. बसले असते तर बोलू शकले नसते. "काका," म्हटलं, "माझं मत तुम्हाला नव्हतं."

ते थांबले. "आणि दोनशे तेरा?"

"ह्यांचंही नव्हतं. मी पाण्याला मत दिलं, काका. त्या दुसऱ्या उमेदवाराने नळ देतो म्हणून सांगितलं होतं. आणि मी तुमच्याशी खोटं बोलले, कारण तुमच्याकडे बघवत नव्हतं. मला वाटतं बाकीचेही तसेच बोलले. सगळे नाही, पण पुष्कळ."

काका खुर्चीत बसले. टेबलावरून खोडरबर घेतलं आणि यादीत माझ्या नावापुढची पेन्सिलीची खूण हळूहळू खोडली. मग ह्यांची. कागदावरचे खोडरबराचे तुकडे फुंकून टाकले. मला वाटलं, आता हा माणूस आपल्याशी जन्मात बोलणार नाही. आणि नाही बोलला तर बरोबरच आहे.

"पाणी हा लोकसभेचा विषय नाही हो, वहिनी," ते म्हणाले. इतक्या दुःखातही.

मग खालच्या आवाजात: "म्हणजे यंत्र बरोबर आहे?"

"असणारच काका."

त्यांनी डोळे मिटले आणि असा श्वास सोडला, जसा दवाखान्यातून चांगला रिपोर्ट आल्यावर माणूस सोडतो. "दोन रात्री मला झोप नाही," म्हणाले. "पक्ष काय, हरतो. आज हरला, पुढे जिंकेल, नाही जिंकला तर नाही. पण मी म्हटलं, एकसष्ट माणसं टाकतात आणि पेटीतून सतराच निघतात, तर मग उरलं काय? मी पोस्टात होतो, वहिनी. लोक पत्र टाकतात ते पोचेल म्हणून टाकतात. पेटीच खोटी निघाली तर कुणी कुठे जायचं?" मग म्हणाले, "माणसं माझ्यासाठी खोटं बोलली. ते मला चालेल." आणि आत वळून काकूंना हाक मारली, "अगं, वहिनींना चहा टाक." चहा होईपर्यंत त्यांनी त्या अर्जाच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी लिहायला घेतली. अक्षर तेच, सुबक.

बिल्लेवाला आठ दिवसांनी परत आला. काकांनी फाटकातच त्याला गाठलं आणि विचारलं, "सासरी सगळे बरे?" बास. कुणालाच काही विचारलं नाही. कुणाकुणाचं खरं होतं, कुणाचं नव्हतं, ती यादी त्यांनी कधी पुरी तपासली नाही. खरी सतरा मतं टाकणारी माणसं आमच्यातच कुठेतरी होती, त्यांनाही बिचाऱ्यांना पुढे गप्पच बसावं लागलं.

पुढच्या लोकसभेला काका बरेच थकले होते. चिठ्ठ्या मात्र लिहिल्या होत्या, अक्षर थोडं कापत होतं इतकंच. शाळेबाहेर त्यांची ती एकच खुर्ची. आणि एक नवीनच सवय मी पाहिली. मतदान करून कुणी ओळखीचं बाहेर येताना दिसलं की काका मान खाली घालून यादीत काहीतरी शोधायला लागत. माणूस पुढे निघून गेला की मग वर बघत. आधी मला वाटलं, दिसत नसेल. मग लक्षात आलं. आपल्याला बघून कुणाला काही बोलावं लागू नये म्हणून ते बघत नव्हते.

मी बाहेर आले तेव्हाही त्यांनी मान खाली घातली. पण मी थांबले. त्या दिवशी मी त्यांच्या पक्षाला मत दिलं होतं. देशासाठी दिलं की काकांसाठी, ते विचारू नका, माझं मलाच नीट माहीत नाही. पण दिलं होतं, आणि ते सांगायला म्हणून मी खुर्चीपाशी गेले. "काका," म्हटलं, "आज मी..."

त्यांनी हात वर केला. माझ्याकडे बघून हसले. "काही सांगू नका वहिनी. ऊन फार आहे. घरी जा."

मी घरी आले. एवढं खरं बोलायला तोंड उघडलं होतं, आणि तेच बोलायचं राहून गेलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात काका-काकू मुलीकडे नाशिकला गेले, आणि आमच्या मतदारचिठ्ठ्या आता छापील येतात.