न बोलता धरलेलं

स्पर्धा परीक्षेच्या वर्गात मी तर्कक्षमता शिकवते. काल गृहीतकं शिकवताना सुचलं ते वाक्य फळ्यावर लिहिलं, ‘पोचलीस की वडिलांना फोन कर.’

“यात न बोलता काय काय धरलंय?” मी विचारलं.

“तिच्याकडे फोन आहे.” “ती नीट पोचणार आहे.” उत्तरं येत होती. मग पहिल्या बाकावरची मेघना म्हणाली, “वडील आहेत.”

“शाबास! इतकं साधं, पण कुणाला सुचलं नाही,” मी म्हटलं. शेजारच्या मुलीनं हळूच मेघनाच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा मला कळलं.

मी डस्टर उचललं, पण हात चालेना. वाक्य पुसावं तर सगळ्यांच्या लक्षात येणार, ठेवावं तर तिला ते दिसत राहणार. तोंड उघडलं की माणूस किती गोष्टी धरून चालतो! आपल्या घरात जे आहे, ते सगळ्यांच्याच घरात असणार असं आपल्याला वाटत असतं.

वर्ग सुटल्यावर मी तिला जिन्यात गाठलं. “मेघना, चुकलं गं माझं.”

“असू दे, मॅडम. उन्हाळ्यात गेले ते. तुम्हाला कुठं माहीत होतं?”

ती मनापासून म्हणाली आणि जिना उतरून गेली. मी कठडा धरून तिथंच उभी राहिले. उन्हाळ्यात ती बरेच दिवस वर्गाला आली नव्हती. परत आली तेव्हा मी सगळ्यांदेखत तिला एवढंच विचारलं होतं, “अशा दांड्या मारून पास होणार का?”