सात वेळा सुधारलेली मामी

मामीचा एकुलता एक धड फोटो मी सात वेळा सुधारला आणि सातही वेळा त्याच फाइलवर सेव्ह केला. मूळ फोटो बाजूला ठेवायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलेल्या गोष्टी मी फार आत्मविश्वासाने करतो.

घरोघरी कॉम्प्युटर नुकते येत होते आणि आमच्या सिंधीपुऱ्यात मी त्यातला जाणकार म्हणून मिरवत होतो. मामी गेल्यानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. गेलेल्या माणसाच्या नावाने त्या दिवशी पाण्याची घागर भरून पुजतात. बहादरपूरचे मामा म्हणाले, "भाच्या, तिची घागर भरायची त्या दिवशी मोठा फोटो पाहिजे. बसल्या जागेवरून मला तोंड दिसलं पाहिजे तिचं." मामांना लांबचं कमी दिसायचं. आणि मामी अशी, की कॅमेरा दिसला की पदर ओढून पाठ फिरवायची. केळीच्या बागेत हसताना मीच तिला एकदा बेसावध पकडलं होतं, तेवढंच.

फोटो होता तसा बुधवारा पेठेतल्या स्टुडिओत नेऊन द्यायचा, तर नाही. सोमवारी उजेड वाढवला. मंगळवारी मागचा केळीचा घड कापला. बुधवारी मामी जरा गोरी केली. जिवंतपणी असं कोणी केलं असतं तर ती विळा घेऊन धावली असती. असं करत रविवारी, स्टुडिओला ईमेलने लवकर जावा म्हणून, फोटो पार बारीक केला आणि तोही तिथेच सेव्ह केला. कॅमेऱ्याचं कार्ड तर मी कधीच पुसून बसलो होतो.

स्टुडिओवाल्याने पडद्यावर फोटो मोठा केला. मामीच्या गालांवर फरशा बसल्या होत्या.

"भैय्या, ओरिजिनल आणा ना."

"हीच ओरिजिनल."

"ही ओरिजिनलची तेरवी आहे," तो म्हणाला. "दर सेव्हला फोटोतलं थोडं थोडं उडून जातं. आधी कॉपी करायची, काम तिच्यावर करायचं. लहान करायचा तो सगळ्यात शेवटी, अन् वेगळ्या नावाने. इतना तो सबको पता है."

"मग आता काहीच होणार नाही?"

"होईल ना. पोस्टकार्डाएवढा."

आखाजीला मामी पोस्टकार्डाएवढी आली. लाज झाकायला मी फ्रेम तेवढी भली मोठी घेतली होती. मामांनी ती घागरीशेजारून उचलली आणि पार चष्म्याला टेकवली.

"हनुवटीवरचं गोंदण कुठे गेलं?"

"सेव्ह करताना गेलं, मामा."

मामांनी फ्रेम उलटी करून मागचे खिळे उचकटले, फोटो काढून बंडीच्या खिशात ठेवला आणि रिकामी फ्रेम माझ्या हातात दिली.

"माझा फोटो मी दुसऱ्याकडून काढून ठेवतो," ते म्हणाले. "माझ्या घागरीला तू फक्त जेवायला ये."